पेन्स्टेमॉनचा बुंधा कोरडा ठेवा

पेन्स्टेमॉन हे घंटीसारख्या फुलांचं, अनेक वर्षं जगणारं बागेतलं झाड. ते का मेलं असं विचारलं की बहुतेक जण थंडीकडे बोट दाखवतात. थंडीने जाणारी झाडं असतात, पण हिवाळ्यातल्या ओलीने त्याहून कितीतरी जास्त जातात. माती गार, मुळं झोपलेली, पाणी ओढून घ्यायला कोणी नाही आणि बुंध्याभोवती आठवडेच्या आठवडे चिखल. वसंतात फुटवे दिसत नाहीत म्हणून झाड हलकेच ओढून बघावं, तर अख्खा बुंधा हातात येतो. साल निसटलेली असते, आत तपकिरी झालेलं असतं आणि खाली मूळ म्हणून काही उरलेलंच नसतं.

हे टाळता येतं. पण त्यासाठी आपल्याकडचं पेन्स्टेमॉन नेमकं कोणत्या गोतावळ्यातलं आहे, हे आधी ओळखावं लागतं. या वंशात सुमारे २८० प्रजाती आहेत आणि त्या जवळपास सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या, अलास्कापासून थेट ग्वाटेमालापर्यंत पसरलेल्या. कोणी वाळवंटात वाढतं, कोणी डोंगरावरच्या दगडगोट्यांत, कोणी गवताळ माळावर. सर्वात जास्त प्रजाती एकट्या युटा राज्यात सापडतात. एवढ्या वेगवेगळ्या जागांहून आलेल्या झाडांना एकच खतपाणी लागू पडेल ही अपेक्षाच चुकीची. रोपासोबत मिळणाऱ्या चिठ्ठीवर मात्र ‘पूर्ण ऊन, मध्यम पाणी’ एवढंच छापलेलं असतं आणि तिथूनच गडबड सुरू होते.

बागेच्या कामापुरते तीन गट पुरतात. पहिला पश्चिमेकडच्या कोरड्या भागातला: स्ट्रिक्टस, ईटनाय, पामेराय, बार्बेटस, बुटकं पिनिफोलियस. यांना उपाशी आणि तहानलेलं ठेवलेलं मानवतं. दुसरा पूर्वेकडच्या कुरणांतला, म्हणजे डिजिटॅलिस, हिर्सुटस वगैरे. हे जरा जड माती आणि दमट हवाही सोसतात. नेब्रास्का विद्यापीठातून आलेला लालसर पानांचा ‘हस्कर रेड’ हा वाण डिजिटॅलिसचाच, तो १९९६ साली अमेरिकेत वर्षातलं सर्वोत्तम बहुवर्षायू झाड ठरला होता. तिसरा गट मोठ्या फुलांच्या संकरित वाणांचा: ‘गार्नेट’, ‘सावर ग्रेप्स’, ‘अ‍ॅलिस हिंडली’, ‘एव्हलिन’. यांत मेक्सिकोच्या हार्टवेगाय या प्रजातीचं रक्त आहे, त्यामुळे यांना चांगली माती आणि नियमित पाणी लागतं आणि कडक थंडी मात्र सोसत नाही.

चिठ्ठी हरवली असेल तर पानं बघा. जमिनीलगत पानांचा गोल चक्राकार झुबका, पानं जाडसर आणि त्यांवर निळसर मेणचट झाक असेल तर बहुधा पश्चिमेकडचं झाड. पामेरायची वरची पानं तर जोडीजोडीने एकमेकांना चिकटलेली असतात आणि दांडा त्यांच्या मधोमध आरपार गेल्यासारखा दिसतो. झुबका नाही, दांड्यावर वरपर्यंत मऊ, चकचकीत, भाल्याच्या पात्यासारखी पानं असतील तर मोठ्या फुलांचा संकर. बुडाशी लाकूड झालेलं आणि सुईसारखी बारीक पानं असली तर पिनिफोलियस.

फूल ओळखायचं असेल तर एक फूल नखाने उभं चिरून उघडावं. घंटीसारख्या नळीच्या छताला चार पुंकेसर दोन-दोनच्या जोडीने कमानीसारखे लागलेले असतात आणि त्यांच्या टोकाला परागकोष असतात. पाचवा खालच्या अंगाला पडलेला असतो. त्याला परागकोष नसतोच, आणि बऱ्याच प्रजातींत त्याच्या टोकावर पिवळे किंवा पांढरे केस असतात. याच पाचव्या पुंकेसरावरून वंशाचं नाव पडलं, आणि इंग्रजीतलं ‘बिअर्डटंग’, म्हणजे दाढीवाली जीभ, हे नावही त्याचंच. गंमत म्हणजे बार्बेटस, म्हणजे दाढीवालं, असं नाव ज्या प्रजातीला मिळालं तिचा हा पाचवा पुंकेसर बिनकेसांचा असतो. तिथे केस असतात ते पाकळीच्या खालच्या ओठाच्या मुळाशी. तो ओठही मागे दुमडलेला असतो, त्यामुळे मधमाशीला टेकायला जागाच मिळत नाही. हवेत थांबून मध पिणाऱ्या हमिंगबर्डला जागा लागतच नाही. लाल, अरुंद नळीची फुलं सहसा या पक्ष्यांसाठी असतात, तर निळी-जांभळी, रुंद तोंडाची मधमाश्यांसाठी.

जागा आणि माती

ऊन दिवसाला किमान सहा तास हवं. फार कडक उन्हाळ्याच्या ठिकाणी मोठ्या फुलांच्या संकरांना दुपारनंतर सावली मिळाली तर फुलं जास्त टिकतात. सावलीत लावलेलं पेन्स्टेमॉन लांबट वाढतं आणि पहिल्या जोरदार पावसात आडवं होतं.

मातीचा निचरा अंदाजाने ठरवू नका. ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला २ ते ३ सेंटिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर त्या जागी पश्चिमेकडचं पेन्स्टेमॉन सपाट जमिनीत लावू नये. इथे एक चूक हमखास होते: चिकण मातीत थोडी बारीक वाळू मिसळली की निचरा सुधारेल असं वाटतं. वाळूचे बारीक कण मातीच्या पोकळ्यांत बसतात आणि वाळल्यावर सगळं विटेसारखं घट्ट होतं. त्यापेक्षा जमीन आहे तशी ठेवून वर २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करा. साध्या मातीचे दोन भाग आणि ३ ते ६ मिलिमीटरची खरबरीत खडी एक भाग, हे मिश्रण बहुतेकांना चालतं. ईटनाय, पामेराय यांच्यासाठी माती आणि खडी निम्मी-निम्मी. उतार असेल तर तो सोन्यासारखा, तिथे लावा.

कंपोस्ट आणि शेणखत याबाबत हात आखडता घ्या. पश्चिमेकडच्या गटाला खत द्यायचंच नाही. नत्र जास्त झालं की पानं गर्द हिरवी आणि गुबगुबीत होतात, दांडे पोचट वाढून कोलमडतात, आणि जे झाड चार-पाच वर्षं जगलं असतं ते दोन वर्षांत संपतं. संकरित वाणांना वसंतात बुंध्यापासून थोडं दूर २ ते ३ सेंटिमीटर जाडीचा कुजलेल्या कंपोस्टचा थर पुरतो. उन्हाळा अर्धा उलटल्यावर त्यांनाही काही घालू नये, कारण उशिरा फुटलेली कोवळी वाढ थंडीला तोंड देऊ शकत नाही.

लावताना बुंधा आजूबाजूच्या मातीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर राहिला पाहिजे. कुंडीतल्या रोपाची मुळं निव्वळ कोकोपीटमध्ये वाढलेली असतील तर बाहेरचं कोकोपीट बोटांनी झाडून टाका. नाहीतर बागेतल्या मातीत तो गोळा स्पंजासारखा पाणी धरून बसतो आणि मुळं त्यातून बाहेर पडतच नाहीत. मग बुंध्याभोवती ३ ते ५ सेंटिमीटर खडी पसरा. पालापाचोळा किंवा सालीचा भुसा इथे नको. बाकी बागेत ते उत्तम आच्छादन आहे, पण पेन्स्टेमॉनच्या सदाहरित झुबक्यावर ओला पाला बसला की खाली कूज धरते. शरद ऋतूत झाडांची पानं गळून या झुबक्यांवर पडतात, तीही दर आठवड्याला हाताने वेचून काढावीत.

दोन रोपांत अंतर पश्चिमेकडच्या गटाला ३० ते ४५ सेंटिमीटर, संकरांना ४५ ते ६०. अंतर जास्त वाटतं, पण हवा खेळती राहिली तर निम्मे रोग येतच नाहीत.

पाणी

पहिल्या वर्षी सगळ्यांनाच पाणी लागतं: आठवड्यातून एकदा, खोलवर. दुसऱ्या वर्षापासून वाटा वेगळ्या होतात. कोरड्या भागातल्या प्रजातींना पाऊस नसेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा भरपूर पाणी, बस्स. संकरांना फुलांच्या काळात आठवड्याला अडीच सेंटिमीटर पावसाइतकं पाणी हवं, ते कमी पडलं तर कळ्या खालून वाळत जातात. ठिबकची नळी असेल तर थेंब बुंध्यावर पडू देऊ नका, किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवा.

माती ओली आणि झाडाने मान टाकलेली, हे दृश्य दिसलं की पाणी घालू नका. नेमकी इथेच चूक होते. झाड कोमेजलं म्हणजे तहानलं असं वाटतं, माणूस आणखी एक बादली ओततो, आणि कुजायला लागलेली मुळं उरलीसुरलीही जातात. बोट मातीत खुपसून बघायला दहा सेकंद लागतात. मूळकूज सुरू झाली असेल तर झाड सहसा वाचत नाही. वरच्या निरोगी शेंड्यांची छाट कलमं लगेच करून घ्यावीत.

बियांपासून

बी काळपट, टोकेरी, एक ते तीन मिलिमीटरचं असतं आणि त्याला घाण वास येतो. घामट मोजे किंवा मांजराचं मूत, तसा काहीसा. पाकीट उघडल्यावर हा वास आला म्हणजे बी खराब झालं असं समजून ते फेकू नका.

बऱ्याच प्रजातींचं बी थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही. रानात ते शरदात पडतं आणि बर्फाखाली भिजत पडून वसंतात रुजतं, म्हणजे आपल्यालाही तेच नाटक करावं लागतं. सोपी पद्धत अशी: मूठभर बारीक वाळू ओली करा, इतकीच की मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब पडू नये. त्यात बी मिसळून बंद पिशवीत भरा, वर प्रजातीचं नाव आणि तारीख लिहा आणि फ्रिजमध्ये ३ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नाही. स्ट्रिक्टसला आठ आठवडे, ईटनाय आणि पामेरायला आठ ते बारा. चार आठवड्यांनंतर दर आठवड्याला पिशवी उजेडात धरून बघा. काही बिया फ्रिजमध्येच पांढरा कोंब काढतात, त्या दिसल्या की लगेच पेरायच्या.

पेरणी उथळ. निचऱ्याच्या मिश्रणावर बी पसरून वर दोन-तीन मिलिमीटर बारीक खडी, माती नको. खडीच्या फटींतून उजेड आत जातो आणि रोपाच्या मानेशी ओल साचत नाही. तापमान १५ अंशांच्या आसपास ठेवा. खोली जास्त उबदार असेल तर बी पुन्हा झोपी जातं, आणि ‘सगळं नीट केलं तरी उगवलं नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. ज्यांच्याकडे खराखुरा थंड हिवाळा आहे त्यांनी फ्रिजच्या भानगडीत पडूच नये: हिवाळ्याच्या सुरुवातीला कुंड्यांत पेरून बाहेर ठेवाव्यात, उंदीर-पक्ष्यांपासून बचावाला वर जाळी टाकावी. पहिल्या वसंतात काही उगवलं नाही तरी कुंडी रिकामी करू नका. दुसऱ्या वसंतात रुजणाऱ्या बिया असतात.

हार्टवेगायपासून आलेल्या संकरांना या थंडीची गरज नाही. १८ ते २० अंशांना, पृष्ठभागावर पेरलं की दोन-तीन आठवड्यांत उगवतात आणि लवकर पेरले तर त्याच वर्षी फुलतात. पश्चिमेकडची बहुतेक रोपं मात्र पहिल्या वर्षी नुसता पानांचा झुबका करतात आणि दुसऱ्या वर्षी फुलतात.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपं वेगळी करा. त्याआधीचा काळ नाजूक. रोप मानेशी बारीक होऊन आडवं पडलं की ती रोपमर, आणि एकदा लागली की एका ट्रेमधली रोपं दोन दिवसांत झोपतात. पाणी खालून द्या, झाकण लवकर काढा, दाट पेरू नका. यापलीकडे औषधापेक्षा हवा जास्त काम करते.

छाट कलम

संकरित वाण बियांपासून मूळ झाडासारखे येत नाहीत, त्यांना छाट कलमच करावं लागतं. आणि हे करायलाच हवं, दरवर्षी. कडक हिवाळा कुठलं झाड नेईल सांगता येत नाही, आणि चांगलं जगलेलं झाडही चार-पाच वर्षांत म्हातारं होतं.

वेळ उन्हाळ्याच्या शेवटाची. न फुललेला बाजूचा फुटवा निवडा, हे सर्वात महत्त्वाचं. फुलांचा दांडा आतून पोकळ असतो आणि तो रुजण्याऐवजी कुजतो. शंका आली तर कापून टोक बघा, आत भोक दिसलं की टाकून द्या. ७ ते १० सेंटिमीटर लांबीचा तुकडा, पेराच्या लगेच खाली धारदार पात्याने कापलेला. खालची पानं काढा, वरच्या दोन जोड्या ठेवा, पानं मोठी असतील तर निम्मी कापा, कळी असेल तर खुडा. पर्लाईट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि चाळलेलं कंपोस्ट निम्मं-निम्मं घेऊन कुंडीच्या कडेकडेने खोचा. पाणी घालून वर प्लॅस्टिकची पिशवी टाका, पण पानांना ती चिकटू देऊ नका, आणि उजेडात पण थेट उन्हात नाही अशी जागा द्या. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. हलक्या हाताने ओढल्यावर कलम जागचं हललं नाही म्हणजे झालं. पहिला हिवाळा दंव न पडणाऱ्या जागी, जेमतेम ओल ठेवून काढायचा. वसंतात शेंडा खुडला की रोप भरगच्च होतं.

छाटणी

फुलं संपत आलेला तुरा मुळापासून कापू नका. दांड्यावरून खाली येत पानांच्या बगलेत छोटे फुटवे दिसतील, त्यांच्या लगेच वर कापा. संकरांत याच फुटव्यांतून दुसरा बहर येतो आणि तो दंव पडेपर्यंत चालू शकतो. पश्चिमेकडच्या प्रजाती सहसा वर्षातून एकदाच फुलतात. त्यांची सगळीच बोंडं पिकू दिली तर झाड त्यातच दमतं. मला विचाराल तर निम्मे तुरे फुलं सरताच कापावेत आणि निम्मे बियांसाठी ठेवावेत.

शरदात बाग आवरताना पेन्स्टेमॉन बुडापासून सपाट करणं ही हळहळ वाटावी अशी चूक आहे. वरचे दांडे आणि पानं बुंध्यावर पांघरुणासारखी असतात. ती गेली की दंव थेट कोवळ्या डोळ्यांवर बसतं, शिवाय छाटल्याने नवी फूट निघते आणि ती पहिल्याच रात्री काळी पडते. फार उंच वाढलेल्या झाडाचा वाऱ्याने हलून बुंधा सैल होत असेल तर वरचा एक तृतीयांश भाग काढा, जास्त नाही. खरी छाटणी वसंतात, जोरदार दंव संपल्यावर. गुडघे टेकून बुंध्याशी बघा: जमिनीतून नवे फुटवे आले असतील तर जुने दांडे त्यांच्या वर कापा. आले नसतील तर जुन्या दांड्यावर सर्वात खालची जी ताजी पानं आहेत त्यांच्या वर थांबा. त्याखालच्या जुन्या लाकडातून फूट येईल याचा भरवसा नाही. संकरित वाणांत सर्वसाधारण असं दिसतं की अरुंद पानांचे, लहान फुलांचे वाण थंडीला जास्त टिकतात आणि रुंद पानांचे नाजूक. वाण निवडताना हे लक्षात ठेवलं तर पुढचा बराच त्रास वाचतो. पिनिफोलियसला मात्र ही सगळी कापाकापी नको, फुलं गेल्यावर वरवर भादरलं तरी पुरे.

कीड-रोग

मावा, लाल कोळी, भुरी, तांबेरा हे सगळे येतात आणि खेळती हवा, वेळेवर पाणी याने बहुतेक आवाक्यात राहतात. कोवळ्या फुटव्यांवर गोगलगायी तुटून पडतात, रात्री विजेरी घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय. कळ्यांना गोल भोक दिसलं तर आत अळी असते. तशा कळ्या तिथल्या तिथे काढून नष्ट करा.

दुर्लक्ष करू नये अशी गोष्ट म्हणजे पानांतला सूत्रकृमी. खालच्या पानांवर शिरांच्या मधे तपकिरी-काळे पट्टे उमटतात, शिरेशी जणू पट्टीने आखल्यासारखे थांबतात, आणि मग रोग एकेक पान चढत वर जातो. पान ओलं असताना हा कृमी त्याच्यावरून पोहत सरकतो, म्हणून वरून शिंपडलेलं पाणी त्याला वाहनासारखं उपयोगी पडतं. असं झाड उपटून नष्ट करा, कंपोस्टच्या ढिगात टाकू नका, आणि त्याची छाट कलमं तर मुळीच घेऊ नका. रोग कलमातून नव्या कुंडीत जातो.

बी ठेवायचं असेल तर बोंडं तपकिरी होऊन टोकाशी फटी पडू लागल्या की तुरे कापा आणि कागदी पिशवीत उलटे टाकून आठवडाभर वाळवा. बोंडाची टोकं टणक आणि टोचरी असतात, हातमोजे घालून चुरडा. चाळून घेतलेलं बी कागदाच्या पुडीत, कोरड्या थंड जागी अनेक वर्षं टिकतं. जवळपास दोन वेगळ्या प्रजाती फुललेल्या असतील तर बी मिसळीचं निघू शकतं, म्हणून पुडीवर प्रजातीच्या नावासोबत शेजारी काय फुललेलं होतं तेही लिहून ठेवा.